मुन्सफकाकांची अट

मुन्सफकाकांना एकदा आमच्या गल्लीतले कुत्रे चावले. लोक काठ्या घेऊन त्याच्यामागे धावले, तर काका ओट्यावर बसून, पोटरी दाबून धरत म्हणाले, "थांबा. त्याच्या शेपटीवर पाय कुणाचा पडला होता, ते आधी विचारा." पाय काकांचाच होता. कुत्रे सुटले आणि काकांनी पोटात चौदा इंजेक्शने घेतली.

घरातही तोच प्रकार. काकूंनी विचारावे, "आमटी खारट झालीय का हो?" तर हे म्हणत, "एका घासावर निकाल देता येत नाही," आणि सगळी आमटी संपवून मग म्हणत, "झाली होती."

मुन्सफ म्हणून निवृत्त होऊन ते नंदुरबारला राहायला आले होते. मी नगरपालिकेत कारकून. त्यांच्याकडे पुस्तके मागायला जात असे, म्हणून ते अवघड काम माझ्याच गळ्यात पडले.

झाले होते असे. सुकदेव हा पाण्याच्या टाकीवरचा व्हॉल्व्हवाला. एका पहाटे टाकी भरून वाहू लागली आणि पाणी शेजारच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावर, पसरलेल्या लाल मिरच्यांत शिरले. मिरच्या नेमक्या नगरपालिकेच्या अध्यक्षांच्या निघाल्या. दुपारच्या आत सुकदेवची नोकरी गेली. कामगारांनी संपाची नोटीस दिली. धुळ्याहून कामगार अधिकारी आले आणि सांगून गेले, की दोन्ही पक्षांना मान्य असा एक लवाद नेमा, तो म्हणेल ते दोघांनी ऐका.

माणूसच मिळेना. अध्यक्षांनी नाव सुचवले की कामगारांना तो मिरचीचा व्यापारी वाटे. कामगारांनी सुचवले की अध्यक्षांना तो पुढारी वाटे. महिना नावे खोडण्यात गेला. सुकदेव रोज कचेरीच्या पायरीवर येऊन बसे. "भाऊसाहेब, काही व्हयनं का? घर पाच तोंडं शेतस," एवढेच म्हणे. शेवटी कुणीच खोडले नाही असे एक नाव उरले.

काकांनी मला दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा म्हणाले, "अरे, नोकरीत जिथे जिथे गेलो, तिथे निम्मे गाव माझ्याशी बोलत नसे. इथे अख्खे गाव बोलते. ते पुन्हा निम्मे कशाला करू?" मी सुकदेवच्या पाच तोंडांची गोष्ट सांगितली. काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बोलाव दोघांना. माझी एक अट आहे."

अट ऐकून आम्ही चाट पडलो. काका म्हणाले, "निकाल विरुद्ध गेल्यावर मला ज्या शिव्या द्याल, त्या आधीच देऊन टाका. मी वहीत लिहून घेतो. मग निकालानंतर त्याच कारणाने बोलणे बंद करता येणार नाही."

अध्यक्ष टोपी काढून घाम पुसू लागले. "काका, तुमले शिव्या देवाना? मन्ही जीभ झडी जाई."

"झडू दे. बोला."

"तुम्ही... जरा हट्टी शेतस."

"ही शिवी नव्हे, ही आमच्या घरातली तक्रार आहे. पुढची."

मग मात्र अध्यक्षांना रंग चढला. "म्हतारानी अक्कल इकी खादी!" म्हाताऱ्याने अक्कल विकून खाल्ली, इथपर्यंत त्यांनी मजल मारली. कामगारांचे सेक्रेटरी पूर्वी शिक्षक होते. त्यांनी 'मालकांचा हस्तक' पासून सात शिव्या मुद्देसूद सांगितल्या. काका लिहिता लिहिता म्हणाले, "जरा सावकाश. चौथी फार चांगली आहे."

सुकदेवची पाळी आली. तो उभा राहिला. "मी काय शिव्या देऊ, काका? मी झोपेल व्हतू."

सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला. सुकदेव टक्क जागा होता, असा चार पानी अर्ज त्यांनी कालच दाखल केला होता. काकांनी वही मिटली. "मला नेमा," ते म्हणाले.

चौकशीत निघाले, की सुकदेव सलग तीन दिवस आणि तीन रात्री एकटाच कामावर होता. त्याचा बदली माणूस अध्यक्षांच्या घरच्या लग्नात पंगतीला पाणी वाढत होता. काकांनी निकाल वाचला: सुकदेव झोपला ही चूक, त्याला झोपू दिले नाही ही मोठी चूक. सुकदेवने चार दिवस पथारीवर मिरच्या उलटाव्यात आणि पाचव्या दिवशी कामावर रुजू व्हावे. बदली माणूस यापुढे पंगतीला नव्हे, टाकीवर पाठवावा.

अध्यक्ष लाल होऊन काही बोलणार, तोच काकांनी वही उघडली. "जुनी असेल तर नोंद आहे, अध्यक्ष. नवी असेल तर सांगा." अध्यक्षांना हसू फुटले. चार दिवस सुकदेव शिंकत होता. पाचव्या दिवशी तो टाकीवर गेला.

पुढे काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात भर दुपारी, काका गेले. अंत्ययात्रेत अख्खे गाव होते. परत आलो तो अंघोळीला घराघरांत तांब्याभरही पाणी नव्हते. नळाची वेळ संध्याकाळची. इतक्यात साऱ्या गल्लीचे नळ धो धो वाहू लागले.

अवेळी पाणी सोडल्याबद्दल सुकदेवकडून खुलासा मागवला गेला. मागवणारा हेडक्लार्क मीच होतो, आणि सुकदेवला नीट लिहिता येत नसल्याने तो लिहून देणाराही मीच. त्याने सांगितले ते मी कचेरीच्या भाषेत उतरवले: 'मुन्सफकाका पुन्हा मरणार नाहीत, सबब अशी चूक पुन्हा होणार नाही.'

अध्यक्षांनी तो खुलासा दोनदा वाचला आणि खाली सही केली.