मामांची तुरटी

मामा नेमके कोणाचे, ते विचारू नका. कोपऱ्यावर त्यांचं सलून, आत एकच खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसेल तो त्यांचा भाचा. वस्तरा असा फिरायचा की गिऱ्हाईक दाढी होता होता झोपून जायचं. मशीनचं नाव काढलं की मात्र मामांचं डोकं फिरायचं. "ते हिरवळ कापायला ठीक! माणसाच्या गालाला माणसाचा हात लागतो."

काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि रक्त हवं तेवढंच पातळ आहे ना, हे बघायला महिन्याला तपासणी. मामा ते मुकाट्याने करत होते. मग कोलेस्टेरॉल वाढलं. डॉक्टरीणबाईंनी त्याची नवी गोळी दिली आणि बजावलं, "हिच्यामुळे आधीच्या गोळीचा जोर वाढू शकतो. आठवड्याभरात रक्त तपासून घ्या. विसरू नका."

मामा विसरले नाहीत. मुद्दाम गेले नाहीत. आकडा बिघडलेला निघाला तर बाई वस्तरा खाली ठेवायला सांगतील, या धास्तीने त्यांना घेरलं होतं. वस्तरा गेला तर मागे राहिलं काय? शिवाय स्वतःची तपासणी होतीच की! सकाळी स्वतःची दाढी करायची, कुठे कापलंच तर तुरटी फिरवायची. रक्त थांबलं? मग झालं. आयुष्य वस्तऱ्यावर गेलेल्या माणसाला रक्त कोण शिकवणार?

आता काय बोलावं या माणसाला! तुरटी गालावरचं रक्त थांबवते, आत काय चाललंय ते त्या बिचारीला काय ठाऊक? हिरडीतून रक्त आलं की मामा नळ सोडून ते वाहवून टाकत. दंडावर काळानिळा डाग उठला, तर म्हणे खुर्ची लागली.

एक दिवस मामी दुकान पुसायला आल्या. आरशाखालची तुरटी त्यांनी उचलली आणि बघतच राहिल्या. वर्षभर पुरणारा खडा महिन्यात साबणाच्या पापुद्र्याएवढा उरला होता.

"अहो, ही एवढी कशी झिजली?"

"हल्ली लोकांची कातडी नाजूक झालीये."

"लोकांची? तुमच्या हातून कधी कोणाला ओरखडा आला नाही, आणि आता अख्खी गल्ली कापत सुटलात होय? खरं सांगा, हात बिघडलाय की रक्त?"

इकडे आड, तिकडे विहीर. हात बिघडला म्हणायला मामांची जीभ रेटेना.

"रक्त," ते म्हणाले, आणि त्यांना रडूच फुटलं. "वस्तरा सोडायला लावतील गं."

"लावू देत! मला माणूस हवाय, वस्तरा नकोय. चपला घाला आधी."

आकडा हवा होता अडीच ते साडेतीनच्या मध्ये, निघाला पाचच्या वर, म्हणजे रक्त नको तेवढं पातळ. डॉक्टरीणबाई चांगल्याच तापल्या. रक्ताची गोळी दोन दिवस थांबवली, मग कमी करून दिली आणि दर आठवड्याला तपासणी लावली. मामांनी सगळ्याला मान डोलावली. शेवटी चाचरत विचारलं, "आणि वस्तरा?"

"लोकांच्या गालावर खुशाल चालवा. माझे वडील तुमच्याशिवाय कोणाला गाल देत नाहीत. पण स्वतःची दाढी यापुढे मशीननेच."

पुढच्या तपासण्यांत आकडा हळूहळू उतरला आणि जागेवर आला. मशीन मात्र काही केल्या मामांच्या हातात बसेना. शेवटी एका सकाळी ते आपल्याच खुर्चीत बसले आणि मामींनी मशीन सुरू केलं. बाकावरची भाचेमंडळी खिदळायला लागली.

"मामा, हिरवळ बरीच वाढलीये हो!"

मामांनी फटकारायला तोंड उघडलं.

"हलू नका," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी मामांचा गाल हातात धरला.

मामांनी तोंड मिटलं. मग डोळे मिटले. आणि दाढी निम्मी होते न होते, तोच गडी चक्क घोरायला लागला.