मागच्या पडवीतला खिळा

ओझेला टिलरीच्या वाटेला जाऊ नये, हे टॅलो क्रीकमधल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. कोंबड्यांच्या कारखान्यात ती सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून मांसातून हाडं काढायची. बायकांना लघवीला सोडत नाहीत म्हणून एके दिवशी तिनं सुरी खाली ठेवली आणि हाताची घडी घातली. तिच्या शेजारणीनं सुरी ठेवली, मग तिच्या शेजारणीनं. बघता बघता सगळा पट्टा थांबला. मॅनेजर लाल तोंडानं धावत आला. म्हणाला, "टिलरी, तुला आत्ताच्या आत्ता कामावरून काढतो!"

"काढ की. पण आधी मोरीवर जाऊन येते, मग काढ. भरल्या पोटानं माणसानं निरोप घेऊ नये."

त्यानं काढलं नाही. बायकांना मोरीवर जायची सुट्टी मिळाली, ओझेलाचं नाव झालं. अलाबामाच्या आमच्या या कोपऱ्यात आजही कुणाचं वीजमीटर कापलं, कुणाच्या पोराला पोलिसांनी उगाच धरलं की पहिला फोन तिला जातो. ती जाते, भांडते आणि बहुतेक वेळा जिंकून येते.

पण ही वाघीण रोज घरी परतायची ती पुढच्या दारानं. मागच्या पडवीत पाय टाकायची नाही. तिथल्या खांबात एक खिळा होता, आणि तो तिनंच ठोकला होता.

लिंडेल तिच्या पाठचा भाऊ. गळा असा की रविवारी चर्चमध्ये त्यानं सूर लावला की म्हाताऱ्या हातातले पंखे हलवायच्या विसरायच्या. तो शिकागोला गेला आणि बऱ्याच वर्षांनी परत आला तो हाडांचा सापळा होऊन. ज्या माणसाबरोबर तो तिथं संसार करत होता, तो त्याच आजारानं आधीच गेलेला. तेव्हा एड्स हा शब्द लोक तोंडातून काढत नसत, नुसत्या भुवया उडवत. चर्चमध्ये टिलरींच्या बाकाच्या मागचं नि पुढचं बाक रिकामं राहू लागलं.

ओझेलाची लेक तेव्हा रांगत होती. एका दुपारी लिंडेलनं कॉफी पिऊन कप खाली ठेवला आणि पोरीनं तो उचलून तोंडाला लावला. ओझेलानं झडप घालून तो हिसकावला. कपानं काही होत नाही, असं दवाखान्यातली नर्स सांगून गेली होती. पण भीती नर्सचं कुठं ऐकते? तिनं हातोडी घेतली, मागच्या पडवीतल्या खांबात खिळा ठोकला आणि त्यावर एक निळा टिनाचा कप अडकवला.

ठोकाठोकी ऐकून आई दारात आली. हात पिठानं माखलेले. कोराली टिलरीनं उभी हयात एका गोऱ्या बाईच्या घरी स्वयंपाक केला होता. त्या घरातली माणसं तिच्या हातचं चाटूनपुसून खायची, पण काळ्या बाईनं घरातल्या भांड्याला तोंड लावायचं नाही, म्हणून तिला प्यायचं पाणी मागच्या पायरीवर ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीत. त्या बरणीच्या गोष्टी ऐकतच ओझेला मोठी झाली होती. बरणीचं नाव निघालं की तिचं रक्त उकळायचं. आणि आता आई कधी कपाकडे बघत होती, कधी लेकीकडे.

बोलला तो लिंडेल. खांबाला टेकत म्हणाला, "वा गं ओझे! माझ्यासाठी खास कप? शिकागोत बड्या बड्या लोकांनासुद्धा स्वतःचा खिळा मिळत नाही." हसला, त्या कपानं पाणी प्यायला आणि आपल्या हातानं तो परत खिळ्याला लावला. शेवटचा घोटही त्यानं त्यातच घेतला.

गावात बातमी फिरली ती अशी की कोरालीनं पोटच्या पोराचा कप बाहेर टांगला. आमच्या चर्चमध्ये सगळ्या बायका एकमेकींच्या सिस्टर; पाद्र्याची बायको चर्चच्या पायरीवर आईला म्हणालीसुद्धा, "बरं केलंत, सिस्टर कोराली. घर सांभाळायलाच हवं." आईनं मान वळवून ओझेलाकडे पाहिलं. कारखान्याचा पट्टा थांबवणारी ओझेला स्वतःच्या बुटांकडे बघत उभी राहिली.

लिंडेलला पुरलं ते चर्चच्या स्मशानाच्या पार टोकाला, पाइनच्या रानाला चिकटून. थोरला भाऊ हॉरेस नुकताच चर्चचा डीकन, म्हणजे कारभारी पंच, झाला होता, त्यानंच ती जागा ठरवली. दगड नाही, नाव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं खिळ्यावरचा कप काढून आत आणला, त्यात कॉफी ओतली आणि ओझेलाच्या समोर बसून प्यायली. त्यानंतर तिनं दुसऱ्या कशाला ओठ लावला नाही. तीस वर्षं रोज सकाळी टेबलाच्या पलीकडे तो निळा कप वर जायचा, खाली यायचा. आई एका शब्दानं बोलली असती तर ओझेला भांडली तरी असती. भांडणं तिला येतं. गप्प बसलेल्या माणसाशी कसं भांडायचं, ते कारखान्यानं शिकवलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आई गेली.

आमच्याकडे थडग्यावर गवत वाढू देत नाहीत. गवत म्हणजे मागं कुणी उरलं नाही किंवा उरलेल्यांनी नाव टाकलं. मे महिन्यातल्या एका रविवारी सगळं गाव कुदळी घेऊन स्मशानात जमतं, माती खरवडून लख्ख करतं, फुलं ठेवतं आणि तिथंच झाडाखाली लांब टेबल मांडून जेवतं. वर्षभरात गेलेल्या माणसानं ज्यातून शेवटचं प्यायलं तो कप त्या दिवशी बुडाला भोक पाडून थडग्यावर ठेवायचा. आपला कप सापडला नाही तर मेलेलं माणूस तो शोधत घरी येतं, असं जुनी माणसं सांगतात.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी ओझेला हॉरेसच्या घरी गेली, तर वहिनी व्हर्नेल गुलाबाच्या फुलांचा चिनी मातीचा कप पुसत होती.

"वहिनी, हा कुणाचा?"

"आईंचा. आम्हीच नाही का दिला नाताळात?"

"आईनं त्यात बटणं ठेवली होती. प्यायली ती टिनाच्या कपातून."

आतून हॉरेसचा आवाज आला, "तो कप चर्चच्या जागेत येणार नाही, ओझे."

"दादा, बाहेर येऊन बोल. भिंतीशी भांडायची मला सवय नाही."

हॉरेस बाहेर आला. सत्तरी ओलांडलेला, घरातसुद्धा टाय लावणारा माणूस. म्हणाला, "मधल्या रांगेत, बाबांच्या शेजारी, तसलं भांडं? लोकांना सगळं पुन्हा आठवेल. एवढी वर्षं लागली मला हे घर वर काढायला."

"घर वर काढलंस, आणि भावाला गवतात गाडलंस."

"मी? मी नुसती जागा दाखवली. कप बाहेर टांगला कुणी? आईनंच ना? आईनंच ज्याला बाहेर ठेवलं, त्याचा तुला आता कसला उमाळा येतोय?"

ओझेला मागं वळली आणि चालू लागली. सख्खा थोरला भाऊसुद्धा हेच धरून बसलाय, हे तिला ठाऊक नव्हतं.

ती घरी आली. या खेपेला पुढच्या दारानं नाही, वळसा घालून थेट मागच्या पडवीत गेली. खिळा गंजून लाकडातच मुरला होता. हातोडीच्या मागच्या बाजूनं तिनं तो उपटला, तेव्हा खांबाची एक ढलपीही बरोबर निघाली. खिळा एप्रनच्या खिशात टाकून ती स्वतःशीच म्हणाली, "कप जाईल तर मधल्या रांगेत. आणि तो बाहेर कुणी टांगला होता ते सांगूनच जाईल."

रविवारी स्मशानात पोचल्यावर ती आईच्या थडग्याकडे गेलीच नाही. कुदळ खांद्यावर टाकून सगळ्यांच्या मधून चालत पाइनच्या कडेला गेली आणि गुडघाभर गवतात पहिला घाव घातला. एकेक करून लोकांच्या कुदळी थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "सिस्टर ओझेला, रांग चुकलात."

"चुकले होते. आज बरोबर आले."

मुळं चिवट, माती दगडासारखी. सगळ्यांची थडगी उरकून टेबलावर जेवण मांडलं गेलं तेव्हा कुठं लिंडेलची माती उघडी झाली. घामानं निथळत ती टेबलापाशी आली. तळलेल्या कोंबडीची परात, कोलार्डची पालेभाजी, रताळ्याचे गोड पाई. कुणीतरी सवयीनं कोंबडीची परात तिच्यापुढे सरकवली. "आठवडाभर हिचीच हाडं मोजते, रविवारी तरी सोडा," असं ती नेहमी म्हणायची. आज काही न बोलता तिनं परात बाजूला केली आणि त्या जागी निळा कप ठेवला.

हॉरेस दबक्या आवाजात म्हणाला, "ओझे, आज नको. आईचा दिवस आहे."

"म्हणूनच आज." तिनं कपात लिंबूपाणी ओतलं. "ऐका सगळ्यांनी. हा लिंडेलचा कप. पडवीत खिळा ठोकून हा बाहेर टांगला तो माझ्या आईनं नाही. मी. हातोडी माझी, हात माझा, भीती माझी. तुम्ही तीस वर्षं आईला बोल लावलात, कुणी शाबासकी दिलीत, आणि मी दोन्ही ऐकून घेतलं. कारखान्यात माझ्या तोंडाला कुलूप नसतं ना? घरात होतं. गोऱ्या बाईनं आईला बरणीत पाणी दिलं म्हणून आपण आजवर शिव्या घालतो. मग मी काय वेगळं केलं? आई शेवटपर्यंत यातूनच प्यायली. म्हणून हा तिच्या थडग्यावर जाणार, मधल्या रांगेत. ज्याला शिसारी येत असेल त्यानं दुसऱ्या टेबलावर बसावं. दुसरं टेबल नाहीये, पण तो तुमचा प्रश्न."

तिनं अर्धा कप पिऊन टाकला.

मग टेबलाच्या टोकाला चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मदर पेटवेनं हात पुढे केला. चर्चमधली सगळ्यात म्हातारी बाई. पाद्रीसुद्धा तिला विचारल्याशिवाय नवा पडदा लावत नाही. "आण इकडे. तहान लागलीये मला. भाषणं काय, होतच राहतील."

म्हातारीनं उरलेला घोट घेतला, ओठ पुसले. "लिंबू कमी पडलंय. कुणी केलंय हे? व्हर्नेल, तूच ना?"

दोघी-तिघी हसल्या. बाकीचे ताटात बघत राहिले. हसण्यानं सगळं धुऊन निघालं असं मुळीच झालं नाही. दोन कुटुंबं ताटं उचलून सरळ गाड्यांकडे गेली.

ओझेलानं कप आईच्या दगडाच्या कडेवर पालथा घातला, बुडावर तोच खिळा ठेवला आणि कुदळीच्या पाठीनं हाणला. टिनाला भोक पडलं, खिळा वाकला. कप तिनं मातीत नीट बसवला.

हॉरेस मागं येऊन उभा होता. "मी तो काढून टाकीन."

"काढ की. पण माझ्यादेखत काढ. आणि का काढतोस ते इथं सगळ्यांना ओरडून सांग. मी सांगितलं तसं."

ती थडग्याशेजारी बसली, कुदळ मांडीवर आडवी घेऊन. हॉरेसचा टाय वाऱ्यानं खांद्यावर उडाला होता, तो त्यानं सरळ केला नाही. एकदा पाइनच्या कडेला उघड्या पडलेल्या मातीकडे पाहिलं, मग कपाकडे. मग गाडीत बसून न जेवता निघून गेला. व्हर्नेल मात्र गेली नाही. गुलाबाचा कप पिशवीत परत घालत म्हणाली, "ताई, पुढल्या वर्षी लिंबू जास्त घालीन."

कप अजून तिथंच आहे. हॉरेस बहिणीशी बोलत नाही, पण डीकन असूनही त्यानं त्याला हात लावलेला नाही. वाकडा खिळा ओझेलाच्या पिशवीत असतो, जेवणाच्या डब्याशेजारी. दर शनिवारी ती कुदळ घेऊन जाते, आधी पाइनच्या कडेला, मग मधल्या रांगेत. रानाच्या बाजूचं गवत हट्टी आहे, आठवड्याभरात पुन्हा डोकं वर काढतं.

परवा स्मशानाची राखण करणारा म्हातारा तिला म्हणाला, "सिस्टर, कशाला जीव काढता? हे गवत काय, पुन्हा येणारच."

"येऊ दे," ओझेला म्हणाली आणि कुदळ उचलली. "मीही येणारच आहे."