गुद्द्याखालची ओळ

शेजारच्या सुमनमावशींनी आमच्या बोलीतले माराचे शब्द साध्या फाइलीत टाइप करून दिले. एका ओळीत शब्द, खाली कोलन देऊन अर्थ, त्याखाली जरा आत सरकवून आणखी काहीतरी. धपाटा, रट्टा, गुद्दा, टोला. त्यांचा कोश करायला मी रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे मजकुरातून हवं तेवढंच निवडायला संगणकाला सांगणारा, साचा लिहिला: शब्द उचल, कोलनची ओळ उचल, बाकीचं फेक. क्षणात यादी चकाचक झाली. मी खूश.

मावशींनी स्क्रीनवर वाचलं, "गुद्दा: मूठ वळून मारलेला फटका. आणि खालची ओळ?"

मी मूळ फाइल उघडली. 'लग्नानंतर तिसऱ्या दिवशी. ह्यांनी. आमटी खारट झाली म्हणून.' प्रत्येक शब्दाखाली अशी ओळ होती. माझ्या साच्याने एकूणएक कापली होती.

मेला साचा! पण आपण तरी वेगळं काय करतो? 'तिला फार मार बसला' म्हणतो, जणू मार आभाळातून पडतो. कुठे लागलं ते विचारतो, हळद लावतो, हात कुणाचा होता ते गिळतो.

मावशींनी चष्मा काढून पुसला.

"मार सगळा ठेवलास रे," त्या म्हणाल्या. "मारणारे तेवढे सोडून दिलेस."