तालुक्यात पहिली

मुलाखत माझी होती. वाजवायला लावलं माझ्या बापाला. तोंडानं.

धुळ्यातल्या एका खाजगी कॉलेजातली ती खोली. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड. पलीकडे चौघं. मधे संस्थेचे अध्यक्ष, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला दोन संचालक. अलीकडे एकच खुर्ची. तिच्यावर मी. माझ्यामागे आबा उभे. भिंतीला टेकूनही नाही, वीतभर पुढे. भिंत नुकतीच रंगवलेली होती. शिपायानं दारातच बजावलं होतं, "भिंतीला हात लावू नका."

अध्यक्षांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते आबांकडे बघत होते.

"तू बँडवाला ना रे? आमच्या मोठ्याच्या वरातीत होतास. क्लॅरोनेट."

"हो साहेब."

"ते नाचायला काय वाजवलं होतंस? पोरं वेडी झाली होती. वाजव बरं."

"वाजा घर शे साहेब."

"मग तोंडानं वाजव."

मला वाटलं, गंमत करताहेत. आबांनाही तसंच वाटलं असावं, ते थोडं हसले. पण अध्यक्ष वाट बघत होते. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. दोन्ही हात छातीपुढे धरले, जणू वाद्य हातात आहे. ओठ मिटले आणि गाणं सुरू केलं. बोटं रिकाम्या हवेत वरखाली होत होती. एका संचालकानं टेबलावर ठेका धरला. प्राचार्य फाईल वाचत राहिले. एक कडवं संपल्यावर आबा थांबले.

"पुढे, पुढे," अध्यक्ष म्हणाले.

आबांनी दुसरं कडवंही वाजवलं. माझा बाप. दहा माणसांच्या बँडचा मास्तर. लग्नात त्यांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं की म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावरून उठून पुढे यायची. त्या खोलीत ते गुणगुणत होते आणि मी मान खाली घालून माझी गुणपत्रिका धरून बसले होते. कागद घामानं मऊ झाला होता.

मी काही बोलले नाही. तेव्हा नाही बोलले. हे आधी लिहून ठेवते.

आम्ही शिंदखेडा तालुक्यातले, नरडाण्याच्या बाजूचे. वस्ती मातंगांची, गावाच्या कडेला. लग्नसराईत आबा बँड वाजवायचे, ती संपली की नरडाणा स्टेशनावर पोती उचलायचे. माय दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दहावीला मी तालुक्यात पहिली आले. मुलींत पहिली नाही, सगळ्यांत पहिली. आमचे हेडमास्तर स्वतः घरी आले होते, दारात उभं राहून म्हणाले होते, "पोरगी डॉक्टर होईल." या कॉलेजचा अर्ज त्यांनीच आणला. सायन्स होतं, मुलींचं वसतिगृह होतं, आणि गुणवंतांसाठी संस्थेची शिष्यवृत्ती होती. ती मिळाली तर राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं. नाही मिळाली तर धुळ्यात राहणं आमच्या आवाक्यात नव्हतं.

गाणं संपल्यावर प्राचार्यांनी मला इंग्रजीतून स्वतःची ओळख सांगायला सांगितली. हेडमास्तरांनी ती लिहून दिली होती, मी पाठ केली होती. माझं नाव, माझं गाव. तिसरं वाक्य होतं, "माय फादर इज अ फार्मर." हेडमास्तर म्हणाले होते, शेतकरी म्हटलं की बरं दिसतं. आता ते वाक्य कसं म्हणणार? मी "माय फादर इज" म्हटलं आणि तिथंच अडकले. पुन्हा म्हटलं. पुन्हा अडकले.

"संपली ओळख?" एक संचालक म्हणाले. दुसरे हसले.

मग पहिले संचालकच म्हणाले, "तुम्हा लोकांना सरकार देतंच की. ही शिष्यवृत्ती गुणवत्तेवर आहे."

"मी तालुक्यात पहिली आहे," मी म्हटलं.

"ते मार्कांचं झालं. गुणवत्ता वेगळी."

त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. माझ्या आधी एका कंत्राटदाराचा मुलगा आत जाऊन आला होता. त्याला माझ्यापेक्षा कितीतरी कमी मार्क होते. त्याचे वडील आत खुर्चीवर बसले होते, चहाचे कप बाहेर येताना मी पाहिले होते. दोन आणि दोन चार हे कळायला मला पुढं बरेच दिवस लागले.

शेवटी अध्यक्ष आबांना म्हणाले, "पोरगी बरी आहे. देऊन टाकू. पुढच्या रविवारी नव्या इमारतीचं उद्घाटन आहे, तेव्हाच गुणवंतांचा सत्कार. तुझा बँड घेऊन ये. देणगी समज."

आबांनी हात जोडले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "झायं तुन्हं काम." त्यांचा चेहरा उजळला होता.

आबांनी नऊ जणांना तयार केलं. पोरीसाठी फुकट वाजवायचं म्हणून सगळे तयार झाले, कुणी कुरकुर केली नाही. लाल कोट पेटीतून काढले, मायनं सोनेरी गोंडे पुन्हा शिवले. रविवारी सकाळपासून दहा जण कॉलेजच्या फाटकाशी उभे. मोटारी येत होत्या, प्रत्येक मोटारीला सलामी. उकाडा असा की आबांच्या कोटाची पाठ काळी पडली होती. पाणीसुद्धा त्यांनी रस्त्यापलीकडच्या टपरीवरून मागून आणलं.

मी आत, सभागृहात, पहिल्या रांगेत. सत्कार तिघांचा. एका डॉक्टरांचा मुलगा, तो कंत्राटदाराचा मुलगा आणि मी. त्या दोघांनी वर जायचं, पाकीट घ्यायचं, खाली यायचं. मला मात्र एका बाईंनी चिठ्ठी दिली होती. चार ओळी. "संस्थेनं माझ्यावर केलेले उपकार मी जन्मभर विसरणार नाही," अशी सुरुवात. शेवटी कंसात: पाया पडणे.

त्या दोघांचे आई-वडील माझ्या मागच्या रांगेत बसले होते. माय गावीच होती. आबा फाटकाशी.

माझी पाळी आली तेव्हा अध्यक्षांनी माईक स्वतःकडे घेतला. "बाहेर जो बँड ऐकू येतोय, तो हिच्या बापाचा. आम्ही जात बघत नाही. बघितली असती तर ही मुलगी आज इथे नसती."

टाळ्या. खूप टाळ्या.

मी वर गेले. चिठ्ठी हातात होती, पाठही होती. माईकसमोर उभी राहिले आणि पहिला शब्द आठवेना. खोटं कशाला सांगू, तेव्हा माझ्या डोक्यात बंड वगैरे काही नव्हतं. बाहेरून आबांचं वाद्य ऐकू येत होतं. माझ्या तोंडून निघालं ते असं:

"मी तालुक्यात पहिली आहे. माझे आबा सकाळपासून बाहेर उभे आहेत. त्यांना आधी आत खुर्ची द्या."

मग अध्यक्ष हसले. माईक त्यांच्या जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"बँडवाल्यांना बसून वाजवता येत नाही, बाळ."

सगळे हसले. नुसते स्टेजवरचे नाहीत, सगळे. ज्या बाईंनी चिठ्ठी दिली त्या हसल्या. कंत्राटदाराचा मुलगा हसला. अध्यक्षांनी हसत हसत पाकीट पुढं केलं. मी ते घेतलं नाही. पायाही पडले नाही. पायऱ्या उतरले, मधल्या वाटेनं चालत फाटकाशी गेले.

आबांनी मला पाहून वाजवणं थांबवलं. "काय झायं?"

मी सांगितलं. वाटलं होतं, ते मला जवळ घेतील. निदान गप्प राहतील.

"मी मांगेल व्हती का खुर्ची?" आबा म्हणाले.

त्यांनी क्लॅरोनेट एका माणसाच्या हातात दिलं आणि तसेच लाल कोटात आत गेले. चपला फाटकाशीच काढून. मला लांबून दिसत होतं. ते सभागृहाच्या दाराशी हात जोडून उभे होते आणि शिपाई त्यांना आत सोडत नव्हता. बराच वेळ उभे होते. मग आतून निरोप आला: मुलीनं लेखी माफी द्यावी, मग बघू.

संध्याकाळी हेडमास्तर आमच्या घरी आले. चांगला माणूस, माझं वाईट त्यांच्या मनात नव्हतं. वहीचं पान फाडून माझ्यापुढं ठेवलं, पेन दिलं आणि सांगू लागले, "लिही. मी लहान व अज्ञानी असल्यामुळे माझ्या तोंडून..."

मी पेन हातात धरून बसले.

"चार ओळी आहेत," ते म्हणाले. "तुझं आयुष्य आहे समोर."

"लिख वं बाई," माय म्हणाली. ती रडत होती.

मी त्यांना विचारलं, "सर, मी काय खोटं बोलले?"

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी नही लिखस," मी आबांना म्हटलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. हरलेला माणूस बघतो तसं बघत होते. मग म्हणाले, "बठ्ठं वाया गयं. उद्या मायसंगे निंदाले जाय."

"जासू."

सोमवारी धुळ्यात कॉलेज सुरू झालं. मी कापसात निंदत होते. माझी जागा कुणाला गेली ते कळलं नाही, विचारायलाही कुणी गेलं नाही. बाकीच्या कॉलेजांचे प्रवेश केव्हाच संपले होते. आबा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. बँडमधल्या दोघांनी आबांना सोडलं. संस्थेच्या लोकांच्या घरची लग्नं आमच्या बँडला पुन्हा मिळाली नाहीत. याची शिक्षा माझ्या एकटीला झाली नाही, हे मला माहीत आहे. ते ओझं माझ्यावर आहे.

पुढच्या वर्षी मी जवळच्या गावातल्या साध्या कॉलेजात नाव घातलं. तिथं सायन्स नव्हतं. आर्ट्सला गेले, रोज जाऊन-येऊन. नंतर शिक्षिका झाले. डॉक्टर झाले नाही. सायन्स गेलं ते गेलंच. आबा वारले, पण "तू बरोबर केलंस" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांच्या मनात तसं काही होतं, असं मी आता स्वतःला सांगणार नाही. नव्हतं.

लोक विचारतात, चार ओळी लिहून टाकल्या असत्या तर काय बिघडलं असतं? शिकून मोठं होऊन मग बोलायचं होतं.

त्या चार ओळींवर सही केली असती तर तालुक्यात पहिली आलेली मुलगी अज्ञानी ठरली असती, आणि तिला हसणारे सगळे शहाणे. माझ्याच अक्षरात.

आज कुणी तो कागद पुढं ठेवला तरी मी लिहिणार नाही. आणि माझ्या वर्गातल्या पोरीपुढं कुणी ठेवला, तर आधी माझ्याशी गाठ आहे.