मास्तरांची तीन लोकाटं

शिंपीमास्तरांनी चाळीस वर्षं माणसांची मापं घेतली आणि दुकान मुलीकडे सोपवल्यावर लोकाटाच्या फळांची मापं घ्यायला लागले.

परसात झाडं तीन. शेठ हे नर्सरीतलं कलम, फळं लिंबाएवढी. नवरी थंड मुलखातून आणलेली. मोहोर देखणा, पण इथल्या दमट उबेत फळ आंबटच राही. आणि बुटकी. बायकोने फळ खाऊन फेकलेल्या बीतून उगवलेली, फळात गरापेक्षा बिया जास्त. मास्तरांनी ती कधी चाखलीही नव्हती.

आता मुलीसाठी मागे शिवणाची खोली बांधायची होती आणि जागा एकाच झाडापुरती उरत होती. गवंडी चारला येणार होता.

"शेठच राहील," मास्तर म्हणाले.

"माप तुमचं, कात्रीही तुमचीच," बायको म्हणाली. तिने न्यायासाठी मुलगी, जावई आणि नणंदेला बसवलं.

मास्तरांनी फळं सोलून, बिया काढून, टेप लावून एकसारख्या फोडी केल्या. ताटल्यांच्या तळाला खडूने नावं लिहिली आणि त्या बायकोकडे मांडायला दिल्या. मग तिघांच्या डोळ्यांवर अस्तराचं कापड बांधलं. जावयाने पहिली फोड मिशीला भरवली. नणंद हसता हसता खुर्चीवरून घसरली.

निकाल मात्र एकमुखी लागला: मधली ताटली.

"म्हटलं नव्हतं?" मास्तरांनी ऐटीत ताटली उचलून खालून पाहिली. तळ स्वच्छ.

"खडू होय? मी पुसला," बायको म्हणाली. "डागाळलेल्या ताटल्या जावयापुढे ठेवू का मी?"

घड्याळात पावणेचार. मास्तरांनी डावीकडची फोड तोंडात टाकली. आंबट, ही नवरी. उजवीकडची टाकली. रस भरपूर, चव नळाच्या पाण्याची. मास्तरांचा चेहराच उतरला. हा त्यांचा शेठ.

मधल्या ताटलीत एकच फोड उरली होती. ती त्यांनी डोळे मिटून खाल्ली आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"बारा वर्षं झाली," बायको म्हणाली. "परसदारातच होती."

"आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही बिया मोजत होता ना."

गवंडी आला तेव्हा मास्तर परसात गुडघ्यांवर बसून खडूने भिंतीची रेघ आखत होते. बुटकीपाशी येऊन ती रेघ झोकात वळली.

"भिंत सरळ नको?" गवंड्याने विचारलं.

"नको. इथे गळा खोल ठेवा," मास्तर म्हणाले. "अंगाला घट्ट बसायला नको."