काकींच्या लेपाचा रंग

आमच्या भुकूमच्या सोसायटीत दूध घालायला भरे गावाहून एक काकी यायच्या, थोरल्या मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून. ऑफिसची चांगली नोकरी सोडून मी झाडपाल्याचे रंग करून चित्रं काढत बसते, हे त्यांना अजिबात पटलेलं नव्हतं. "एवढी शिकलीस आन् चिखल कालवत बसतीस व्हय," असं रोज दाराशी उभं राहून ऐकवायच्या. दूध मात्र मला मापापेक्षा जास्तच घालायच्या.

एकदा जिन्यात माझा पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी काकी वाटीत लेप घेऊन आल्या आणि घोट्याला थापून गेल्या. दोन दिवसांत सूज उतरली, पण माझं लक्ष सुजेकडे होतंच कुठे? घोट्यावर जो तांबूस डाग राहिला, तो आठ दिवस साबणाने घासूनही जाईना. हळद, पळस, हिरडा असं सगळं उकळून झालं होतं, पण इतका पक्का रंग मला कधी मिळाला नव्हता. मी काकींच्या मागेच लागले.

वर्षभर त्यांच्याबरोबर भरे गावच्या माळावर हिंडले. त्यांची रीत ठरलेली. आदल्या संध्याकाळी लेपाच्या झाडाच्या बुडाशी चार तांदूळ ठेवून आवतण द्यायचं, "उद्या येते, लागंल तेवढंच नेते." सकाळी जाऊन, कोणाशी न बोलता साल काढायची. झाडाचं नाव मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. नाव उघड केलं की देणाऱ्याच्या हाताचा गुण जातो, असं त्यांच्या सासूने बजावून ठेवलं होतं. पण मला कसलं राहवतंय. पानं न्याहाळून, पुस्तकं चाळून मी नाव शोधून काढलंच आणि स्वतःवर खूशही झाले.

मग कोथरूडला एका छोट्या हॉलमध्ये माझ्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. काकी इस्त्रीचं लुगडं नेसून, सुनेला घेऊन आल्या. कोणता रंग कशाचा, ते मी प्रत्येक चित्राखाली कार्डावर लिहिलं होतं. सून कौतुकाने एकेक कार्ड मोठ्याने वाचून दाखवत होती. लेपाच्या रंगाचं चित्र आलं आणि तिने ते नावही चार लोकांत वाचलं. काकी बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. मी कार्ड फाडलं, त्यांच्यापुढे हात जोडले.

"आता फाडून काय उपेग?" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून दूध घेऊन मुलगा एकटाच यायला लागला. आईने औषध द्यायचं बंद केलंय, म्हणाला, कोणी मुरगळलेला हात घेऊन आलं तरी माघारी पाठवते. आधी मला रागच आला. सालीचा गुण सालीत असतो, तो एका कार्डाने कसा जाईल? भांडी घासताना मनातल्या मनात मी त्यांच्याशी तावातावाने भांडले. पण दाराशी त्यांचे टोमणे ऐकू येईनात, तसं घर खायला उठलं. चौथ्या दिवशी भरे गाठलं.

काकी गोठ्याच्या ओट्यावर बसल्या होत्या. उजवं मनगट टम्म सुजलेलं. प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी शेणावरून घसरून पडल्या होत्या.

"काकी, लेप नाही लावला?"

"मी कशी लावू? तुला नाव कळलं, ते उघडबी झालं; माज्या हाताचा गुण गेला, औषध तुजं झालं. सासूनं मला नाव सांगितलं, त्या दिसापासनं तिनं सालीला हात लावला न्हाई. माजंबी तसंच."

"मला नाही जमायचं."

"मग वरीसभर माज्या मागनं काय शेळ्या राखत हिंडलीस?"

तीन दिवस त्या तसलं मनगट घेऊन माझी वाट बघत होत्या, आणि मी इकडे भांडी आपटत होते. इतकी लाज वाटली की वर बघवेना. संध्याकाळी चार तांदूळ घेऊन मी एकटी माळावर गेले आणि काकींकडेच मुक्काम केला. सकाळी साल आणून पाट्यावर वाटली. लेप लावताना रडू आवरत नव्हतं.

काकींनी मनगट वळवून वळवून पाहिलं.

"लई जाड वाटलंस," त्या म्हणाल्या. "माघारी लावलेली दोघं उद्या तुज्याकडं यायची हायेत. त्यांना बारीक वाट."