मावशीच्या नावाचे चार खिळे

काल आमच्या सोसायटीने माझ्या मावशीला खिळे ठोकून श्रद्धांजली वाहिली.

खरोखरचे खिळे. चार. गेटजवळच्या बकुळीच्या खोडात.

फ्लेक्सवर मावशीचा हसरा फोटो. खाली ‘वृक्षप्रेमी सुनंदाताईंना भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याखाली मावशीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत कमिटीची नावं, पदांसकट.

ती बकुळ मावशीनेच लावलेली.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सुनंदामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. शाळेत बायॉलॉजी शिकवायची. कर्वेनगरला आमच्याच सोसायटीत, माझ्या खालच्या मजल्यावर एकटी राहायची. बारा दिवसांपूर्वी गेली.

रिटायर झाल्यावर लोक यात्रेला जातात. मावशी बोटॅनिकल गार्डनला जायची.

उटी, बंगळूर, कोलकाता, लखनौ. दर वर्षी एक. सोबतीला मी, कारण माझ्या सुट्ट्या शिल्लक असायच्या आणि मावशीला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

काय काय दाखवलं तिने! काचघरातली ऑर्किड्स, परातीएवढी कमळाची पानं, बुंधा कुठला आणि पारंबी कुठली हे कळू नये असा एक वड.

मी समोर उभी राहून सेल्फी काढायचे. ती झाडाच्या मागे जायची.

“मावशी, मागे काय आहे?”

“खिळे आहेत का बघतेय.”

असायचेच. कुठे बल्ब लावायला, कुठे ‘फुले तोडू नका’ सांगायला. आणि सगळ्यात जास्त, झाडाचं स्वतःचं नाव लिहिलेली पाटी ठोकायला.

यावर ती पेटायची. “ज्याची ओळख करून द्यायची, त्याच्याच छातीत खिळा? कुठली रीत ही?”

तिच्या पर्समध्ये कायम पक्कड असायची. एकदा एअरपोर्टवर सिक्युरिटीने काढून घेतली. मावशीने त्या माणसाला झाडाची साल आणि आतला रस यावर दहा मिनिटं शिकवलं. पक्कड मिळाली नाही. त्यानंतर आम्ही सगळीकडे ट्रेननेच गेलो.

पण न विचारता तिने एकही खिळा काढला नाही. आधी ती माळीदादाला शोधायची, मग त्याच्याशी तिचं ते हिंदी.

एका बागेतलं (नाव घेत नाही) मला अजून पाठ आहे.

“भैया, आपके छाती पे कोई आपके नाव की पाटी ठोकेगा तो चलेगा क्या?”

म्हातारा माळी हसला. “माताजी, ऑर्डर ऊपर से आता है.”

“तो ऊपर कौन बैठता है, वो दिखाओ.”

आम्ही वर गेलो. साहेब जेवायला गेले होते. मावशी दीड तास बाकावर बसून राहिली. साहेब आल्यावर तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. पाटी तारेला, तारेला स्प्रिंग, खोड वाढलं की स्प्रिंग ताणली जाते. साहेब “बघू” म्हणाले. आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ काय असतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

काही महिन्यांनी त्या माळीदादांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. स्प्रिंगवर डुलणारी पाटी.

पुढच्या वर्षी आम्ही मुद्दाम परत गेलो. त्या झाडाशेजारी उभी राहून मावशी अशी हसली, की मी तो फोटो जपून ठेवला.

फ्लेक्सवर तोच फोटो आहे. मागची पाटी क्रॉप करून.

आणि तो कमिटीला मीच पाठवला होता. ग्रुपवर मागितला, मी पाठवला. कुठे लावणार, कसा लावणार, काही विचारलं नाही. इतकी वर्षं तिच्यासोबत हिंडून हे मला सुचू नये? त्यामुळे हा राग माझ्यावरही आहे.

काल सकाळी चेअरमनसाहेबांना खाली बोलावलं.

“अहो मॅडम, भावना बघा ना. दोरीने बांधलं तर वाऱ्याने फिरतं. आणि चारच तर खिळे. झाडाला काय कळतंय?”

“झाडाला काय कळतं, हेच त्या जन्मभर शिकवत होत्या. तुमच्या मुलीलासुद्धा.”

“बरं, संध्याकाळी शोकसभा झाली की काढू.”

“आत्ता काढणार. खाली पडू नये असं वाटत असेल, तर तुम्ही धरून उभे राहा.”

ते खरंच धरून उभे राहिले, हेही लिहायला हवं.

मी मावशीच्या कपाटातून पक्कड आणली. पहिला खिळा निघाला तसा भोकातून पांढरा चीक आला. चेअरमनसाहेब म्हणाले, “अरे!” आणि मग खिशातून रुमाल काढून तो पुसायला लागले. मी पुसू दिलं नाही. जखम भरायला तो चीकच लागतो, हेही मावशीनेच शिकवलेलं.

मावशीकडे काचेची एक बरणी आहे. लोक फिरायला गेले की साड्या आणतात, ती परवानगीने काढलेले खिळे आणायची. प्रत्येक पुडीवर झाडाचं नाव आणि गाव.

काल मी त्यात एक पुडी टाकली. बकुळ, कर्वेनगर.

पुडीत तीनच खिळे आहेत. चौथ्याचं डोकं तुटलं, बाकीचा आत राहिला. नाही निघाला तर उकरायचं नाही, झाड त्याला गिळतं, असं तू सांगायचीस. म्हणून हात आवरला.

फ्लेक्स आता सुतळीने बांधलाय. वाऱ्याने फिरतो. फिरू दे.

येते गं, मावशी. श्रद्धांजली खरीच आहे सगळ्यांची, त्यांचीसुद्धा.

पण तुझ्या नावाचा एक खिळा तुझ्या बकुळीत राहिला. तेवढं माफ कर.